चुलीकडे पाठ

आमच्या गल्लीत हळू बोलणारं माणूस आजारी समजलं जायचं. घराघरातलं कुणी ना कुणी मिलमध्ये, आणि मागांच्या खडखडाटात उभं आयुष्य काढलेल्या माणसाला कान असून नसल्यासारखेच. माझे वडील, आबा, त्यातलेच. एक कान कामातून गेलेला, दुसरा जायच्या वाटेवर. त्यामुळं घरात आम्ही सगळेच ओरडून बोलायचो. नवख्याला वाटायचं, या घरात बारा महिने भांडण चाललंय.

वहिनी अशीच नवखी. करमाळ्याकडची, मोकळ्या अंगणात वाढलेली. बहात्तरचा दुष्काळ सरला आणि माझ्या थोरल्या भावाशी लग्न होऊन ती आमच्या दोन खोल्यांत आली. आई त्याच्या आदल्याच वर्षी गेली होती. आबा मिलमधून घरी बसले होते, म्हणजे अगदी खरोखरच बसले होते, दाराजवळच्या बाजेवर, तोंड चुलीकडे करून. भाऊ मिलच्या पाळीवर, मी सकाळी बालवाडीत पोरांना दम भरायला. घरात दिवसभर ही दोघंच.

वहिनीच्या हाताला चव होती आणि जिभेला धार. भाकरी थापता थापता ती पुटपुटायची. "खांब बरा, त्येला चहा तरी लागत न्हाय." सासऱ्याला ऐकू येत नाही, मग भीती कसली? आबांच्या तोंडाकडे बघत, हात पिठात, खुशाल तोंडाचा पट्टा चालू. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

कारण आबांना ऐकू येत नसलं, तरी दिसत होतं. मागांच्या खात्यात कितीही ओरडा, शेजारच्याला कळत नाही. तिथं ओठ बघून बोलतात. शिव्या, गमती, घरची दुखणी, सगळं ओठांवर. हे आमच्या गल्लीत सांगायची गोष्टच नव्हती. पाणी ओलं असतं, हे नव्या सुनेला कोण सांगत बसतं?

तेव्हा मला वाटलं, ही जाणूनबुजून तोंडावर बोलतेय. केवढी ही हिंमत! आणि त्याहून नवल आबांचं. त्यांनी नुसता हात हलवला आणि म्हणाले, "दुसरा चहा नगं, सूनबाई." मी आ वासून बघत राहिले. हेच आबा, आमटीत मीठ कमी पडलं तर ताट गल्लीत भिरकावणारे. आईनं त्यांच्यासमोर मान वर केलेली मला आठवत नाही.

मग एकदा वहिनी पुटपुटली, "घागर उचलली तर हात झडत्यात व्हय!" आबा उठले, घागर उचलली आणि नळावर गेले. वहिनी चुलीपासून धावत माझ्याकडे आली. तोंडभर हसत म्हणाली, "वन्सं, मामंजींना मनातलं कळतं की काय? लई देवमाणूस हो!"

तेव्हा माझी ट्यूब पेटली. हिला माहीतच नाही.

आता राग धरायचा तरी कुणावर, हे मला कळेना. वहिनीवर धरावा तर ती बिचारी अंधारात. सांगून टाकावं तर ती लाजेनं मरायची. गप्प बसावं तर म्हाताऱ्यानं रोज हे बघत बसायचं. शेवटी ती नळावर गेलेली बघून मी आबांसमोर जाऊन बसले.

"आबा, तुम्हांला सगळं दिसतंय ना, ती काय बोलते ते?"

"दिसतंय की."

"मग मी सांगते तिला. चांगली समज देते."

"सांगू नगं," आबा म्हणाले. "ती माझ्याशी कुटं बोलती? सोताशी बोलती. मीच चोरून बघतो."

"आईचं असं कधी चालवून घेतलं होतंत?" माझ्या तोंडून फटकन निघून गेलं.

आबांनी नजर चुलीकडे वळवली. मग म्हणाले, "तुजी आई बी चुलीपाशी अशीच बोलायची. मला दिसायचं. मी ताट भिरकवायचो, हात उगारायचो. मग एक दिस तिनं ओठ मिटले ते मिटलेच. वाढायची, धुवायची, पर एक शबुद न्हाय. मला ऐकू येत नव्हतंच, मग दिसायचं बी बंद झालं. घरात मानूस हाय का न्हाय, कळायचं न्हाय मला."

मी जन्मभर समजत आले होते की आई मुळातच अबोल. आता समोरच्या या म्हाताऱ्याचा राग यावा की कीव यावी, काही सुचेना. मी उठले आणि उगाच भांडी आवरत बसले. भांडी घासलेलीच होती.

पण अशी गोष्ट किती दिवस झाकून राहणार? आबांचा मिलमधला जोडीदार, आमचे चाचा, एका संध्याकाळी समोरच्या ओट्यावर येऊन बसले. मधे गल्ली, सायकली, पोरांचा दंगा. इकडून आबा, तिकडून चाचा, आवाज न करता दोघांच्या रंगात आलेल्या गप्पा. दोघं एकदमच खो खो हसले. वहिनी पिठाच्या हातानं उंबऱ्यात आली.

"वन्सं, ह्ये काय चाललंय?"

खोटं बोलता आलं असतं, पण जीभ अडली. "गप्पा," मी म्हटलं. "खात्यात असंच बोलतात. ओठ बघून."

ती एकदा आबांकडे बघायची, एकदा माझ्याकडे. मग चेहरा पांढराफटक पडला. आत तव्यावरची भाकरी करपली तरी ती उंबऱ्यातच उभी होती.

दुसऱ्या दिवसापासून तिनं पदर दातांत धरायला सुरुवात केली. ओठ झाकून भाकरी थापायची, ओठ झाकून ताट वाढायची. माझ्या भावामागं करमाळ्याला माहेरी जायचं टुमणं लावलं, ते का, हे मात्र त्याला सांगेना. आबांनी तिला हाक मारली की ती मान खाली घालायची, थेट आईसारखी.

"ही बी मिटली," आबा मला म्हणाले.

सकाळी उठून बघते तर आबांनी बाज फिरवलेली. तोंड गल्लीकडे, पाठ चुलीकडे. दाराचं ऊन सरळ तोंडावर येत होतं. मी म्हटलं, "आबा, डोळे जातील." ते म्हणाले, "ऱ्हाऊ दे. तिचं घर हाय." वहिनीनं ते पाहिलं. पदर मात्र दातांतच राहिला. मला वाटलं, गेलं हे घर हातचं. पुन्हा तीच शांतता, आणि या वेळी ती कशाची आहे हे मला माहीत होतं.

दिवस असेच गेले. एका दुपारी बालवाडी सुटल्यावर घरी आले. आबा दारात, उन्हानं डोळे बारीक केलेले. आत तव्यावर भाकरी फुगत होती. वहिनीचा पदर खांद्यावर होता आणि ती पुटपुटत होती.

"उन्हात डोस्कं तापवून घ्यायचं, मग आजारी पडल्यावर निस्तरायचं कुनी? हट्टी म्हातारं! सरळ तोंड करून बसाया काय झालंय?"

सवयीनं माझ्या जिभेवर उत्तर आलं होतं. ते मी कसंबसं गिळलं. आबा माझ्या तोंडाकडे बघत होते. त्यांचे ओठ हलले, आवाज नाही. मला ओठ वाचता येत नाहीत, पण तेवढं कळलं.

"बोलती का?"

मी मान डोलावली. काय बोलते ते सांगायला तोंड उघडलं, तर आबांनी डोळे मिटून घेतले.