अओरिस्टखालची ओळ

आम्ही उत्तरेत राहत असताना इंदिरा नगरमध्ये आमच्या शेजारी भाषाशास्त्राचे एक प्राध्यापक राहत. मूळचे अमरावतीचे. नव्वदच्या दशकात ते व्याकरणाच्या संज्ञांच्या अनेक खंडी हिंदी कोशासाठी नोंदी लिहीत होते. प्रत्येक नोंद ते मला मोठ्याने वाचून दाखवत. मी 'म्हणजे?' विचारलं, की कागद फाडत.

'अओरिस्ट'ची नोंद कितीदा तरी फाटली. क्रिया घडली एवढंच सांगणारं, ती किती वेळ चालली हे न सांगणारं हे ग्रीक क्रियारूप. शेवटी त्यांनी शब्दाचं मूळ जोडलं: 'होरोस' म्हणजे हद्द, 'अ' म्हणजे नाही, जिची हद्द आखलेली नाही अशी क्रिया. त्या दिवशी मी 'म्हणजे?' विचारलं नाही.

अमीनाबादच्या छापखान्यात ते प्रुफं पाहायला गेले, तेव्हा मी सोबत होतो. नेमकी तीच ओळ गाळली होती.

"पन्ने पर जगह नहीं थी, मास्टर साहब," मालक म्हणाले. "एक लाइन ही तो है."

"वही एक लाइन तो समझ में आती है."

"तो फिर काटें क्या?"

प्रत्येक नोंदीखाली लिहिणाऱ्याचं नाव छापलं जाणार होतं. प्राध्यापकांनी चष्मा कपाळावर सरकवला, पेन्सिल मागितली आणि अओरिस्टखालचं स्वतःचं नाव खोडलं.

"यहाँ आ जाएगी."

परतताना रिक्षात मी म्हणालो, "सर, पहिल्या खंडात तुमची ही एकच नोंद होती."

"आहे की. ओळीसकट आहे," ते म्हणाले आणि खिशातून घडी केलेला कागद काढला. "आता दुसऱ्या खंडातली ऐका."