होडीचा खेळ

मांडवीच्या गेम पार्लरमध्ये एक खलाशी पावसाळ्यात, मासेमारी बंद असली की रोज यायचा. होडीच्या जुन्या गेमसमोर उभा राहण्याआधी तो चपला दाराशी काढायचा, बोटीवर चढताना काढतात तशा. आम्ही मारामारीचे गेम खेळणारी पोरं खिदळायचो, पण तो दर वेळी होडी लाटांतून किनाऱ्याला लावून जिंकायचा.

एके दिवशी शेटने ते मशीन भंगारात घालून बंदुकीचा गेम आणला. खलाशी अनवाणी उभा राहून पडद्यावर मरणारी माणसं बघत राहिला.

"खेळ की रे, नवाकोरा आहे!" शेट म्हणाला.

"होडीच नवी करून आणायचीत ना, शेट. माणसं मारायला चपला कशाला काढू?"

चपला घालून तो गेला. नवं म्हणजे बंदूकच, हे ठरवलं कोणी? मला अजून संताप येतो. कोणालाही न मारता जिंकणारा तिथे तो एकटाच होता, आणि बाहेर पडावं लागलं तेही त्यालाच.