एरियल हॉस्टेलकडे वळवलं तेव्हा

घरात तिला भोंगा म्हणत. तान्ही असताना रडायला लागली की पलीकडच्या घरांतले लोक दार उघडून बघायचे, तेव्हापासूनचं नाव. बापानंच ठेवलेलं. तो कुलपं-किल्ल्या दुरुस्त करायचा. दिवसभर कानस चालवायची, तोंड नाही, असा त्याचा खाक्या.

कॉलेजात काही टाळकी जमली आणि त्यांनी स्वतःचा रेडिओ काढायचं मनावर घेतलं, तेव्हा भोंगा सगळ्यांच्या पुढे. आता त्या जागी झेरॉक्सचं मशीन घरघरतं, पण तेव्हा प्राचार्यांनी जिन्याखालची खोली दिली होती, म्हणजे मोडक्या बाकांची अडगळच दिली होती. पोरांनी ती उपसली, भिंतींना जुन्या गाद्या ठोकल्या, गच्चीवर एरियल उभारलं. आवाज जेमतेम आसपासच्या गल्ल्यांत पोचायचा, पण मिजास अशी की जणू जग कान देऊन बसलंय. प्राध्यापकांना आत मज्जाव. सगळा कारभार पोरांचा आणि प्रत्येक गोष्ट हात वर करून ठरायची: गाणं कोणतं, पाळी कोणाची, झाडू कोणी मारायचा. एकदा ठरलं की ठरलं. मागाहून कुरकुर करणाऱ्याला आठवडाभर सगळ्यांचा चहा आणावा लागे.

भोंग्याला गुरुवारची दुपार मिळाली. रस्त्यावर दिसलेली माणसं, बसमधली भांडणं, असं काहीबाही ती बोलायची आणि फार गोड बोलायची. तिला एकच हवं होतं, बापानं एकदा तरी ऐकावं. पण त्यांच्या घरी हा रेडिओ लागतच नसे. चढावरच्या लॉन्ड्रीच्या कोपऱ्याशी आवाज संपायचा.

"बाबा, एकदा कोपऱ्यापर्यंत चला ना."

"भिंतीशी बोलतेस आणि वर मला पायपीट करायला लावतेस? दुकान कोण बघणार, तुझी आई?"

"मला मध्ये ओढू नका," आई आतून म्हणायची.

तिनं मागे लागणं सोडून दिलं. मनाला लागलं ते मात्र लागलंच.

दुसऱ्या वर्षी हॉस्टेलची मुलं तक्रार घेऊन आली. त्यांच्याकडे नुसती खरखर यायची. एरियल तिकडे वळवलं तर आवाज स्वच्छ येईल, फक्त चढाकडचा भाग जाईल. चढाकडे कोणी ऐकतं का, असं कुणीतरी विचारलं.

"तिकडे कोण ऐकतंय?" भोंगा फणकाऱ्यानं म्हणाली. "आमच्या घरचे तर नाहीच नाही." आणि पहिला हात तिचाच वर गेला.

एरियल वळलं. हॉस्टेल खूश झालं.

त्याच सुमारास बाप घरी चमत्कारिक वागायला लागला. उगाचच मऊ. जेवताना म्हणायचा, "सगळ्यांनाच सगळं जमतं असं नाही गं. मनाला लावून घेऊ नये."

"काय जमत नाही मला?" ती उसळायची.

तो खाली बघून भात कालवत राहायचा. हे टोमणे आहेत, एवढं न कळण्याइतकी आपण खुळी नाही, असं तिला वाटायचं. खुळीच होती. त्यानंतर तिनं घरात रेडिओचं नावही काढलं नाही.

वर्ष सरता सरता बाप गेला. छातीत दुखतंय म्हणाला, संध्याकाळी दवाखान्यात नेला, सकाळी आणला तो तसाच.

त्याचा कोट लॉन्ड्रीत राहिला होता. महिन्याभरानं ती तो आणायला गेली. लॉन्ड्रीवाल्यानं कोट काढला, तिच्याकडे निरखून पाहिलं.

"तूच ना ती रेडिओवर बोलायचीस?"

"तुम्ही ऐकलंय?" तिला आनंदच झाला.

"मी कुठला ऐकतो! तुझे बाबा ऐकायचे. दर गुरुवारी दुकानाला कुलूप घालून इथे यायचे आणि त्या खांबाला टेकून छोटा रेडिओ कानाला लावायचे. स्टूल दिलं तर बसायचे नाहीत. म्हणायचे, बसलो की आवाज जातो. एकटेच हसायचे. मध्येच माझ्या कानाला लावायचे, पोरगी बघा काय बोलते म्हणून."

तिनं वळून खांबाकडे पाहिलं.

"मग तू बंद झालीस," तो पुढे म्हणाला. "तरी यायचे. इकडे सरक, तिकडे सरक, सेल बदल. नुसती खरखर. मी म्हटलं, विचारा की पोरीला. तर माझ्यावरच डोळे वटारले. म्हणाले, तिला काढून टाकलं असणार. आम्हाला कळू नये म्हणून बिचारी दर गुरुवारी तयार होऊन घरातून निघते. मी विचारलं तर तिला तोंड लपवायला जागा राहायची नाही. आजारी पडायच्या आदल्या गुरुवारीसुद्धा आले होते, बघ. म्हटलं, आता कशाला येता? तर म्हणाले, परत घेतलं असेल तर?"

"मी बंद झाले नव्हते, काका," ती म्हणाली. "मी बोलत होते. दर गुरुवारी बोलत होते."

लॉन्ड्रीवाल्याला उमगेना. त्यानं इस्त्री उभी करून ठेवली.

"मग त्यांना ऐकू का नाही आलं?"