रश्श्यातला खडक

देवानं आमच्या दाजींना सगळं दिलं. टेकायला बूड तेवढं द्यायचं विसरला. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, आक्काचे यजमान. कोल्हापुरात त्यांचं पंपदुरुस्तीचं दुकान आहे. दुकानात खुर्ची आहे, पण ती गिऱ्हाइकासाठी. दाजींना तिच्यात बसलेलं कुणी पाहिलं नव्हतं. लग्नात हातात अक्षता घेऊन हा माणूस मांडवाबाहेर जाणार, ढग बघून येणार आणि येताना त्या अक्षता दिसेल त्याच्या डोक्यावर टाकून मोकळा होणार. पावसाळ्यात तर विचारायची सोय नाही. पंचगंगेला पाणी आलं की सगळं कोल्हापूर ते बघायला जातं, भाजलेलं कणीस खातं आणि घरी येतं. दाजी मात्र तिथंही तोंड वाकडं करणार. "हे नुसतं फुगलंय. पाणी कसं पळाया पायजे, पावणं!"

असं पळणारं पाणी त्यांनी हेरून ठेवलं होतं. पन्हाळ्याच्या पलीकडं, डोंगरातून खडकांवर आपटत येणारा एक ओढा. त्यातून कयाकमध्ये, म्हणजे हवा भरायच्या लांबोड्या होडीत बसून, वल्ही मारत खाली यायचं. "लई अवघड न्हाय, लई सोपाबी न्हाय. मधला हाय," असं ते ओढ्याबद्दल बोलायचे, जणू पोरीला स्थळच बघून आलेत. होडी दोघांची. दुसरा मी. मला कुणी विचारलं नव्हतं. मेहुणा म्हटल्यावर ते आलंच.

ही मोहीम दोन-तीन पावसाळे नुसती शिजत होती. हवा टिकते का बघायला होडी फुगवून बाहेरच्या सोप्यात ठेवलेली आणि सोफा भिंतीशी उभा. हळदीकुंकवाला आलेल्या बायकांना आक्कानं होडीतच बसवलं, आणि हुपरीच्या नणंदेला बाहेर काढायला चौघी लागल्या. "हिलाच नांदवा आता, मी जाते माहेरी," आक्का म्हणायची. नकाशा दाजींनी कागदावर कधी काढला नाही. तांबड्या रश्श्याच्या वाटीत मटणाची नळी उभी केली की झाला खडक; भाकरीचा तुकडा म्हणजे आम्ही दोघं. "पहिला मोठा खडक डावीकडनं घ्यायचा. उजवीकडं पाणी आत वढतंय. कुठनं?" "डावीकडनं," मी म्हणायचो. मग ते आम्हा दोघांना रश्श्यासकट गट्टम करायचे. कागलकडच्या एका तळ्यात सरावही झाला. त्यात मला पोहता येतं एवढंच सिद्ध झालं. नियम मात्र त्यांचा एकच होता, "काठावर दोघांतलं एक जरी 'आज नको' म्हणालं, तर नको. कारण इचारायचं न्हाय."

पण त्या ओढ्याचं पाणी कधी मनासारखं जमेना. एकदा खडक उघडे, एकदा सगळं अंगावर येणारं. त्यात गेल्या वर्षी दाजींच्या खांद्याचं ऑपरेशन ठरलं, दिवाळीनंतरचं. पुढं वल्हं धरायचं नाही, असं डॉक्टरांनी सांगून टाकलं. म्हणजे त्या पावसाळ्यात नाही तर कधीच नाही. मग काय, उठसूट फोन. "पावणं, ढग बघितलं का?" मी ऑफिसात असायचो आणि वर पंखा दिसायचा.

श्रावणात एका सकाळी पाणी बरोब्बर जमलं. होडी त्यांनी त्याच दुखऱ्या खांद्यावरून काठापर्यंत आणली, मला हात लावू दिला नाही. "नाद खुळा! असंच पायजे हुतं!" दाजी नाचायचेच काय ते बाकी होते. मी समोर बघितलं. वाटीतली नळी कुठं आणि हा घराएवढा खडक कुठं! 'आज नको' जिभेवर येऊन बसलं, पण त्या चेहऱ्याकडं बघून म्हणवेना. मी हेल्मेटचा पट्टा लावला, काढला, पुन्हा लावला. दाजींनी माझ्या हातांकडं पाहिलं. मग बराच वेळ ओढ्याकडं पाहिलं. आणि खाली बसून होडीची हवा सोडायला लागले.

"आज नको," ते म्हणाले.

नियम होता, मी कारण विचारलं नाही. घरी आक्काला त्यांनीच सांगितलं, "खांदा दुखाया लागला गं." "एवढं घर डोक्यावर घेतलंसा, आणि खांदा!" म्हणून ती पोट धरून हसली. दाजीही हसले. मी मान खाली घालून भाकरी मोडत राहिलो.

ऑपरेशन झालं. यंदा दाजी दुकानातल्या त्या खुर्चीत बसतात. ढगांचा फोन येत नाही. परवा मीच त्यांना गाडीवर बसवून ओढ्याकडं घेऊन गेलो. पाणी अगदी तसंच, बरोब्बर. दाजी पुलाच्या कठड्याला टेकले ते टेकलेच, हलेनात. या माणसानं घटकाभर तरी टेकावं म्हणून मी कितीदा देवाला हात जोडले असतील. आता तो टेकला होता आणि मला ते बघवत नव्हतं.

"दाजी," मी म्हणालो, "तो पहिला खडक उजवीकडनं घ्यायचा, नाही का?"

"उजवीकडनं?" दाजी ताडकन सरळ झाले. "आरं खुळ्या, मरायचं हाय व्हय? कितींदा सांगितलं तुला!" आणि चांगला हात नाचवत, कठड्यालगत येरझाऱ्या घालत त्यांनी सगळा ओढा पहिल्यापासून सांगायला घेतला. डावीकडनं घ्यायचा, हे मला झोपेतही पाठ आहे. मी मुकाट्यानं ऐकत राहिलो, आणि दुसऱ्या खडकालाही चुकायचं ठरवलं.