केनवडला ऐकू गेलेला सायलेन्सर

पहाटे साडेपाचला नाशिकहून निघाले तेव्हा गल्लीतल्या दोन घरांचे दिवे लागले. मला वाटलं, शेजारी निरोप द्यायला उठले असतील. हेल्मेटमधूनच मी हात हलवला. कुणीही उलट हात हलवला नाही.

माझी गाडी लांबच्या प्रवासाची आहे, वजनाला दोनशे किलोच्या आसपास. मी पन्नाशीची असून ज्युनिअर कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवते. पावसाळ्यात कसाऱ्याच्या घाटात गाडी उजव्या अंगावर पडली आणि सायलेन्सर चेपून खालून फाटला. कंपनीचा नवा यायला दोन महिने लागतील असं कळलं, आणि दिवाळी झाली की नागपूरला बहिणीच्या नव्या घरी जायचं तर ठरलेलं. म्हणून दुसऱ्या बनावटीचा बसवायचं ठरवलं आणि एका वर्कशॉपमध्ये गेले. माझी एकच अट होती: आवाज मूळ गाडीपेक्षा वाढता कामा नये. ही अट मी दोनदा सांगितली. दोन्ही वेळा मालकाने मान हलवली ती माझ्या नवऱ्याकडे बघून. माझा नवरा स्कूटरसुद्धा चालवत नाही.

काम चालू असताना मी खुर्ची टाकून समोर बसले होते. इंजिनला जोडलेल्या वाकड्या नळीचे दोन नट निघाले, फाटका सायलेन्सर उतरला, नवा चकचकीत सायलेन्सर पायदानाच्या पट्टीला लागला. नळी आणि इंजिन यांच्यामध्ये, जोडातून हवा शिरू नये म्हणून, एक कडी बसते. ती नवी घातली का, असं मी विचारलं. मालकाने नवऱ्याला सांगितलं, "सर, काळजीच करू नका." सायलेन्सरच्या तोंडात आवाज दाबणारी एक जाळीदार नळी असते, तिला ही मंडळी डीबी किलर म्हणतात. तीही मी खोक्यातून काढून हातात घेऊन बघितली होती. मग मालकाने आम्हाला समोरच्या हॉटेलात चहाला पाठवलं. परत आलो तर गाडी पुसून तयार होती. मी सायलेन्सरच्या तोंडात डोकावून बघायला हवं होतं. बघितलं नाही.

समृद्धी महामार्गावर दुचाकीला बंदी, त्यामुळे जुना रस्ता धरला. येवल्याच्या पुढे रस्ता मोकळा झाला आणि गाडी घुमायला लागली. आवाज मोठा आहे हे माझ्या लक्षात आलं. पण खरं सांगायचं तर तो मला आवडला. वैजापूरच्या अलीकडे पेट्रोल भरताना दोन माणसं गाडीभोवती फिरली आणि त्यातला एकजण म्हणाला की आवाज एकदम वाघासारखा आहे. मी हसले. पंप सोडताना गरज नसताना ॲक्सिलरेटरची मूठ जरा जास्तच पिळली.

जालना ओलांडेपर्यंत डोकं दुखायला लागलं. सिंदखेडराजाला उभ्यानेच चहा घेतला, तेव्हा कानात बारीक शिट्टी वाजत होती. शिवाय आता मूठ सोडली की सायलेन्सरमधून फट्‌ असा बार निघत होता. मेहकरला पोचेपर्यंत ते वाढलं. कुठेतरी जोड सैल आहे, बाहेरची हवा आत शिरते आहे, हे मला कळत होतं. संध्याकाळपर्यंत कारंजा गाठू आणि तिथे दाखवू, असा विचार करून मी पुढे निघाले.

डोणगाव मागे पडलं की वाशीम जिल्हा लागतो. सोयाबीन निघून गेलेली काळी रानं, मधून मधून पिवळ्या फुलांनी भरलेल्या तुरीच्या ओळी, कुठे नुकता उगवलेला हरभरा. दुपारचे तीन वाजून गेले होते. केनवड गावाच्या अलीकडे रस्त्याच्या कडेने एक साठीपुढची बाई तांबडी गाय दोरीने धरून चालली होती. गाय पोटाने जड दिसत होती. ती बिचकू नये म्हणून मी लांबूनच मूठ सोडली.

मूठ सोडली म्हणूनच ते झालं. गाईच्या अगदी बरोबरीला आले तेव्हा लागोपाठ दोन बार निघाले. गाय आडवी उसळली आणि नालीत उतरून काटेरी तारेच्या कुंपणाकडे पळाली. दोरीचा फेरा बाईच्या मनगटाला होता. ती पालथी पडली आणि तशीच फरपटत गेली. दोरी सुटली ती तारेजवळ.

मी गाडी टाकून धावले. बाईचं मनगट वाकडं झालं होतं, हनुवटी सोलली होती. ती मला बाजूला सारत होती, कारण तिला गाय बघायची होती. गाय तारेशी थरथरत उभी होती, मांडीवर रक्ताची एक रेघ. तोवर रानातून चार-पाच माणसं आली. एकाने माझ्या गाडीची किल्ली काढून खिशात घातली. त्याचं बरोबरच होतं.

बाईचं नाव कौतिकाबाई. तिची सून वंदना गावातून धावत आली, तिने सासूचा हात ओढणीने गळ्यात बांधला आणि जीप थांबवली. वाशीम जिल्ह्यातल्या मालेगावच्या सरकारी दवाखान्यात जायचं होतं. मीही चढले. मला कुणी ये म्हटलं नाही, नको असंही म्हटलं नाही.

जीपमध्ये मी बोलत सुटले. आवाज कमीच ठेव म्हणून मी सांगितलं होतं, वर्कशॉपवाल्याने फसवलं, जोड नीट बसवला नाही, चूक त्याची आहे. कौतिकाबाई डोळे मिटून बसली होती. डोळे न उघडताच ती म्हणाली, "त्याच्यावर बसून कोन आलं? तो का तू?"

थोड्या वेळाने तिने डोळे उघडले. "नाशिकपासून आलीस न? मंग एवढ्या वाटंनं तुले आयकू येत नोतं काय?"

वंदना खिडकीबाहेर बघत होती. मला वाघासारखा आवाज म्हणणारा तो माणूस आठवला, आणि पंप सोडताना पिळलेली मूठही. रागाला तोवर एक सोयीची जागा होती, नाशिकमधलं एक वर्कशॉप. आता तो माझ्याच अंगावर आला.

मनगटाचं हाड मोडलं होतं. प्लास्टर होईपर्यंत मी दवाखान्याच्या ओट्यावर बसून वर्कशॉपला फोन लावला. मालक ओळखीचं हसला. जाळीची नळी त्यानेच काढली होती. मॅडम, सगळे रायडर ती काढूनच घेतात, मी तुम्हाला न मागता करून दिलं, असं त्याचं म्हणणं. आणि कडी? जुनीच चांगली होती म्हणून तीच बसवली. इथे एका बाईचा हात मोडलाय, गाभण गाय तारेत गेली, असं मी सांगितलं. मग तो म्हणाला, "जरा सरांना फोन देता का?"

आयुष्यात मी वर्गाबाहेर कुणावर इतकी ओरडले नसेन. ओट्यावरची माणसं उठून लांब जाऊन बसली. फोन ठेवला तेव्हा उपयोग काहीच झाला नव्हता.

केनवडला परतलो तेव्हा दिवस मावळत होता. गाईला कोठ्यात (गोठ्यात) बांधलं होतं. गुरांचे डॉक्टर येऊन गेले होते. सात महिन्यांची गाभण, आठ दिवस नजर ठेवा, एवढंच ते बोलले होते. वंदनाने मला जेवायला वाढलं. भाकर, बेसन, वर चिरलेला सांबार (कोथिंबीर). वाढताना ती माझ्याकडे बघत नव्हती. ताटात काही टाकण्याची माझी हिंमत नव्हती. गाडी गावात चालू करायची नाही, असं तिने जेवणानंतर किल्ली परत देताना सांगितलं. शिरपूरला गौतम नावाचा वेल्डिंगवाला आहे, त्याच्याकडे उद्या पिकअपमध्ये टाकून न्या. रात्री मी त्यांच्याच पडवीत झोपले.

हे शिरपूर, पूर्ण नाव शिरपूर जैन, मोठं गाव आहे. जुनं जैन मंदिर असल्यामुळे लांबून लांबून यात्रेकरू येतात. सकाळी बसथांब्यावर गुजरातीही कानावर पडत होती. मंदिर बघायला हवं होतं. बघितलं नाही, त्या दिवशी माझी ती लायकी वाटत नव्हती.

गौतमभाऊंचं दुकान रस्त्याला लागूनच. चाळिशीचे गृहस्थ, लोखंडी फाटकं आणि सोयाबीनच्या चाळण्या करतात. भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर, खाली हत्यारं ओळीने टांगलेली. त्यांनी गाडी चालू केली, दोन मिनिटं ऐकली आणि बंद केली. इंजिनजवळ काजळीचा डाग होता. ते म्हणाले, "ताई, हे बसवलेलं नाई, नुसतं टांगून ठेवलं हाये."

मग त्यांनी सगळं उतरवलं. कडी चेपून एका बाजूने पत्र्यासारखी झाली होती. एक नट तिरका घालून, आटे मोडूनच घट्ट केलेला, दुसरा हाताने फिरत होता. प्रत्येक गोष्ट ते मला दाखवत होते, मला, दुसऱ्या कुणाला नाही. त्यांच्याबद्दल मला आदर वाटत होता आणि त्याच वेळी नाशिकच्या माणसाबद्दलचा संताप वाढत होता. एवढंसं काम होतं ते. करायला अर्धा तास जास्त लागला असता.

तांब्याच्या पत्र्यातून त्यांनी नवी कडी कापली. आटे परत पाडले. मग बोटभर जाडीची लोखंडी नळी घेऊन तिला छिद्रं पाडायला बसले. ती मी पकडीत धरून ठेवली होती. भोवती आवाज शोषणारी काचेची लोकर गुंडाळून, तोंडाशी चकती वेल्ड करून त्यांनी ती सायलेन्सरमध्ये बसवली आणि वरून बोल्ट मारला. मी विचारलं, इथे अशी आवाजाची कामं येतात का. "येतात न," ते म्हणाले. "पन सगळे काढाले येतात. बसवाले तुमीच पयल्या."

दुपारी गाडी चालवत केनवडला आले. गावाच्या आधीच बंद केली आणि घरापर्यंत ढकलत नेली. कौतिकाबाई बाजेवर बसली होती, हात गळ्यात. तिने गाय मागच्या वावरात न्यायला लावली आणि मग मला म्हणाली, कर चालू. मी चालू केली. मूठ पिळून सोडली, पुन्हा पिळून सोडली. ती मान तिरकी करून ऐकत होती. बराच वेळ झाल्यावर तिने हाताने बंद करायची खूण केली.

"असा होते तं पयलेच काहून नाई केला?" ती म्हणाली.

वंदनाचा फोन नंबर घेतला, माझा दिला आणि निघाले. शेलूबाजारला थांबले, तिथे जीपवाले प्रवासी भरत होते, हातगाडीवर गरम भजी निघत होती. पोटात भूक होती तरी खावंसं वाटलं नाही. कारंज्यापर्यंत मी पन्नासच्या वर गेले नाही.

नागपूरला बहिणीच्या घरी चार दिवस राहिले. घर छान आहे, गच्चीतून झाडं दिसतात. मी फार बोलत नव्हते. वंदनाला रोज फोन करायचे. तिसऱ्या दिवशी तिने फोन उचलला नाही, चौथ्या दिवशीही नाही.

परतताना केनवडला थांबले. अंगणात वंदना डाळ निवडत होती. मला बघून तिने सूप बाजूला ठेवलं. मी नागपूरला असतानाच, मंगळवारी रात्री गाईने मेलेलं वासरू टाकलं होतं. कालवड होती. डॉक्टर म्हणाले, भीतीनेच झालं असं खात्रीने सांगता येत नाही, दुसरंही कारण असू शकतं. हे तिने मला स्वतःहून सांगितलं, आणि तिचा तो प्रामाणिकपणा मला सहन झाला नाही. कौतिकाबाई कोठ्यात होती. डाव्या हाताने गाईची पाठ चोळत होती. मी दारात उभी राहिले, "मावशी," म्हटलं. भरपाईचं काहीतरी पुटपुटले. ती वळली नाही.

"मले तुह्यापासून काही नको," ती म्हणाली. "तुमी लोकं रस्त्यानं जाता, आमी रस्त्यावर राह्यतो. एवढं ध्यानात ठेव."

नाशिकला पोचले ती घरी न जाता थेट वर्कशॉपवर. मालक एका नव्या गाडीखाली वाकलेला होता, दोन-तीन गिऱ्हाइकं उभी होती. मी सगळ्यांसमोर सगळं सांगितलं, कौतिकाबाईचं नाव घेऊन, कालवड होती हेही. आवाज चढवला नाही. मालकाला वाईट वाटलं असावं. तो उठला, कपाटाखालून एक प्लास्टिकचा क्रेट ओढला आणि म्हणाला की माझी नळी परत देतो, नवी कडीही देतो. क्रेट काठोकाठ भरलेला होता. एकसारख्या जाळीदार नळ्या, पन्नास तरी असतील. यातली माझी कोणती, असं मी विचारलं. कोणतीही घ्या मॅडम, सगळ्या सारख्याच, तो म्हणाला.

मी त्या नळ्यांकडे बघत राहिले. एकेक नळी म्हणजे कुठेतरी फिरत असलेली एक गाडी. एकही उचलली नाही.

दुसऱ्या दिवशी आरटीओ कार्यालयात लेखी तक्रार घेऊन गेले. तिथल्या बाईंनी ती नीट वाचली. वर्कशॉपचं नाव होतं, पत्ता होता, काय काढलं, काय बसवलं, रस्त्यात काय झालं, सगळं होतं. पण त्याच्याही आधी, पहिल्याच ओळीत, आवाज करणारी गाडी म्हणून माझा स्वतःचा नंबर लिहिला होता. त्यांनी पेन तिथे टेकवलं आणि हळू आवाजात म्हणाल्या, "मॅडम, असं दिलंत तर आधी दंड तुम्हालाच होईल. ही ओळ काढून टाकू या का?"

"नको," मी म्हटलं. "ती पहिलीच राहू दे."

त्यांनी शिक्का मारला आणि पोच दिली. मी बाहेर येऊन गाडी चालू केली.