व्हर्लीनचा उजवा हात

मिसिसिपीतल्या आमच्या माशांच्या कारखान्यात व्हर्लीन माझ्या शेजारी उभी असायची. दहा वर्षं आम्ही दोघींनी मासेच सोलले. पण रविवारी दुपारी खानावळीत ती एकटी गिटार घेऊन बसली, की हीच का ती, असं वाटायचं.

शिकली ती ल्युशस मामाकडे. ती सहा वर्षांची असताना त्याने घराच्या भिंतीवर दोन खिळ्यांमध्ये वाजवायला तार ताणून दिली होती. त्याची जुनी गिटार मागाहून मिळाली. ब्लूज हे दुःखाचं जुनं गाणं मामाचं, धांगडधिंग्याचं रॉक रेडिओवरून आपलं आपण उचललेलं. दोन्हींची तिने खिचडी केली.

"पोरी, हे कुठल्या देवाला चालतं गं?" मामा विचारायचा.

"ज्याला नाचता येतं त्याला."

सुरी धरून धरून तिचा उजवा हात बधिर व्हायला लागला. ऑपरेशन केलं तर हात वाचेल, असं डॉक्टर म्हणाले. कारखान्याने खर्च नाकारला. "घरी भांडी घासून झालं असेल," म्हणे साहेब. भांडी काय आम्हीच घासतो, त्यांच्या बायका नाही? प्रकरण सुनावणीला गेलं. तिच्या वकिलाने बजावलं, निकाल लागेपर्यंत गिटारला हात लावायचा नाही, नाहीतर हात धडधाकट आहे म्हणतील.

तेवढ्यात मामा गेला. मला पुरताना तूच वाजव, एवढंच त्याने मागितलं होतं.

"वेडी आहेस का?" मी दफनभूमीत तिचा दंड धरला. "कारखान्याचा माणूस कॅमेरा घेऊन गाडीत बसलाय."

"दिसतोय मला. मामा काय पुन्हा मरणार आहे?"

ती वाजवायला बसली. निम्मे सूर उमटलेच नाहीत. अंगठा तारेवरून घसरत होता, दोनदा ती मध्येच थांबली. कारखान्यातल्या आम्ही तीसेक बायका खाली मान घालून ऐकत होतो. असं वाईट तिने जन्मात वाजवलं नव्हतं.

सुनावणीत तो फोटो टेबलावर आला. गिटार, तारांवर हात, झालं. हातच्या काकणाला आरसा कशाला, असा कारखान्याच्या वकिलाचा चेहरा. फोटोत सूर थोडेच ऐकू येतात!

"त्या दिवशी हिचं वाजवणं कुणी ऐकलंय का?" न्यायाधीशांनी विचारलं.

बाकावर आम्ही चौघी होतो. मला तीन पोरं आहेत, नवरा नाही; नोकरी गेली तर खायचं काय? हे कारण खरं आहे, आणि तरी मला माझी लाज वाटते. मी मूग गिळून बसले. बाकीच्या तिघीही.

व्हर्लीनने वळून माझ्याकडे पाहिलं. मग आपल्या वकिलाला म्हणाली, "आटपा लवकर. ह्यांना सकाळी कामावर जायचंय."