उमरेडच्या सिनेटबाई

सिंधूताई गजभिये उमरेडच्या मुलींच्या शाळेत मराठी शिकवायच्या. मी त्याच शाळेत भूगोलाला होते. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस त्या विद्यापीठाच्या सिनेटवर निवडून आल्या आणि पोरींनी त्यांचं नाव ‘सिनेटबाई’ ठेवलं. पुढं पोस्टमनही तेच म्हणू लागला.

विद्यापीठाचा रोजचा कारभार कार्यकारी परिषद चालवायची. पण वर्षाचा अहवाल तिला सिनेटपुढं ठेवावा लागे, आणि सदस्य विचारतील त्याचं उत्तर द्यावं लागे. नोंदणी केलेले पदवीधर मत देऊन सिनेटवर आपली माणसं पाठवत. नागपूरचे वकील मनोहरराव परिषदेत बरीच वर्षं होते. त्यांना निवडणुकीच्या आपल्या पॅनेलमध्ये तालुक्याची, शिकलेली बाई हवी होती. छप्पन साली दीक्षा घेतलेल्या घरातली, हट्टानं एम.ए. झालेली सिंधूताई त्यांना बरी वाटली.

प्रचारात ताईंनी एकच शब्द दिला होता. सिनेटची सभा झाली की येणाऱ्या रविवारी शाळेत बसून काय झालं ते सांगीन.

पहिल्या रविवारी मोजकीच माणसं आली. ताईंनी सभागृहाचं, भाषणांचं, चहासोबतच्या आलूबोंड्यांचंसुद्धा वर्णन केलं. माणसं हसली. नत्थूजी मात्र हसले नाहीत. ते हातमागावर लुगडी विणायचे, स्वतः पदवीधर नव्हते, पण त्यांची मुलगी पंचफुला घरी अभ्यास करून बी.ए.ला बसत होती.

‘‘बाई, तुम्ही तिथं काही बोलल्या का?’’

‘‘नाही, नत्थूजी. पहिलीच सभा होती.’’

‘‘मंग गेल्या काहून? उमरेडचं परीक्षेचं सेंटर बंद केलं त्याईनं. आमच्या पोरीले आता नागपूरले जा लागते. सकाळी आठचा पेपर, अन् पयली एस.टी. पोचतेच उशिरा. हे कोणाले सांगाव?’’

ताईंचा चेहरा उतरला. घरी जाताना त्या मला एवढंच म्हणाल्या, ‘‘खरं बोलला वं तो माणूस.’’

पुढच्या सभेसाठी त्यांनी रीतसर प्रश्न पाठवला आणि माझ्यासाठी प्रेक्षकांचा पास मागून घेतला. नागपुरात सीताबर्डीला उतरून आम्ही पायीच गेलो. ताई निळ्या काठाची पांढरी साडी नेसल्या होत्या.

त्यांचा प्रश्न आला. परिषदेच्या वतीनं मनोहररावच उत्तराला उभे राहिले. विद्यार्थी कमी होते, म्हणून परिषदेनं केंद्र बंद केलं, असं म्हणून ते बसायला लागले.

‘‘उपप्रश्न आहे,’’ ताई म्हणाल्या. ‘‘ठरवण्याआधी परिषदेतलं कोणी उमरेडला आलं होतं का?’’

‘‘तो परिषदेचा अधिकार आहे, ताई.’’

‘‘अधिकार परिषदेचाच आहे. पण तो कसा वापरला, हे परिषद कोणाला सांगणार?’’

मागून कोणीतरी हसलं. कुलगुरू अध्यक्षस्थानी होते, मितभाषी गृहस्थ. चष्मा काढून ते शांतपणे म्हणाले, ‘‘या सभेलाच सांगेल. बाईंचा प्रश्न बरोबर आहे. परिषदेनं दोन सदस्य तिथं पाठवावेत आणि पुढच्या सभेत कारणं सांगावीत.’’

बाहेर पायऱ्यांवर मनोहररावांनी ताईंना गाठलं. ‘‘आपल्याच पॅनेलच्या माणसाले भर सभेत असं विचारता? घरी येऊन सांगितलं असतं तर मी पाहिलं असतं.’’

‘‘तुमच्या घरी नत्थूजी कसे येतील, भाऊसाहेब?’’ ताई म्हणाल्या. ‘‘मले तुम्ही उभं केलं, ते मी विसरणार नाही. पण मतं उमरेडनं दिली.’’

ते पायऱ्या उतरून निघून गेले.

परिषदेचे दोघे खरंच आले. दुसऱ्या दिवशी सकाळी उमरेडच्या स्टँडवर परीक्षेला बसणाऱ्या पोरी त्यांना गराडा घालून उभ्या होत्या. परतीला ते पोरींसोबत त्याच पहिल्या एस.टी.नं नागपूरला गेले, दांड्याला धरून, उभ्यानं. त्या वर्षी केंद्र मिळालं नाही, पेपरची वेळ तेवढी अकराची झाली. ताईंनी रविवारी तेही लपवलं नाही. ‘‘अर्धंच जमलं,’’ म्हणाल्या. त्याच्या पुढच्या वर्षी केंद्र परत आलं आणि पंचफुला बी.ए. झाली. नत्थूजींनी पेढे आणले ते शाळेत नव्हे, पहिल्यांदाच ताईंच्या घरी, बायकोला सोबत घेऊन.

पुढच्या निवडणुकीत पॅनेलनं ताईंना वगळलं. त्या स्वतंत्र उभ्या राहिल्या आणि पडल्या. गोपाळराव नावाचे नागपूरचे प्राध्यापक निवडून आले. ताई चार दिवस तास संपला की सरळ घरी निघून जायच्या.

मग काही माणसं गोपाळरावांकडे गेली. आमच्याकडे रविवारी सांगायची पद्धत आहे, तुम्हालाही यावं लागेल, असं त्यांनी बजावलं. प्राध्यापक बिचारे गोंधळले, पण आले. शाळेचा हॉल भरला होता. शेजारच्या भिवापूरहूनही लोक आले होते. ताई मागच्या बाकावर माझ्याशेजारी बसल्या. गोपाळरावांचं सांगून झाल्यावर त्यांनी सरळ हात वर केला.

‘‘विद्यापीठाच्या लायब्ररीचं काही बोलले नाहीत तुम्ही. तुम्ही सभेत विचारलं का?’’

गोपाळराव ओशाळले. ‘‘नाही. पुढच्या खेपेला विचारतो.’’

हॉलमध्ये हशा पिकला, त्यात ताईही होत्या. निवडणुकीनंतर मी त्यांना पहिल्यांदाच हसताना पाहत होते. त्या वेळची उमरेडची आठवण आली की मला आधी तो भरलेला हॉल दिसतो, उकाड्यात पदरानं वारा घेत बसलेल्या बायका आणि दारात चपलांचा ढीग.